गाडीच्या टपावरची टाकी

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणी मला धीराची समजायला नको. वीज गेली तर लिफ्टमध्ये अडकू, म्हणून मी चौथा मजला जिन्याने चढते. गॅस बंद केला की नाही ते पाहायला निम्म्या वाटेवरून परत आलेली आहे, तेही कितीदा तरी. घाटात एसटी शिरली की दरीच्या बाजूला मी बसत नाही, आणि डोंगराच्या बाजूला बसले तरी जीव मुठीत धरूनच बसते. अशा बाईच्या नवऱ्याने उतारवयात पिकअप गाडी घ्यावी, आणि जिथे रस्ता संपतो तिथून पुढे न्यायला ती तयार करावी, हा माझ्या पत्रिकेतलाच दोष असणार.

नवऱ्याला तोंडावर मी अहो-जाहो करते. लिहिताना मात्र ‘तो’ म्हणणार आहे, कारण कागदावर मला त्याची भीड नाही.

विक्रोळीच्या एका कारखान्यात त्याने उभा जन्म पत्रा कापला, वाकवला, जोडला. मग त्याचं खातंच बंद झालं आणि निवृत्तीच्या आधीच तो घरी बसला. बसला म्हणजे काय, बसवत नव्हतं त्याला. कपाटांच्या बिजागऱ्या काढून परत लावल्या. बरा चाललेला मिक्सर उघडून बंद पाडला. नंतर कधीतरी त्याला मोबाइलवर ते व्हिडिओ सापडले. गाडीच्या मागे पलंग, शेगडी, फ्रिज, सगळा संसार थाटून लोक हिमालयात हिंडतात, नदीतून गाडी घालतात, कड्याच्या काठावरून नेतात आणि वर हसत हसत चहा पितात. जेवताना, झोपताना, त्याचं हेच सुरू झालं.

एक दिवस म्हणाला, ‘‘आपण हिमालयात स्पितीला जाऊ. आपल्या गाडीने. गाडीतच राहायचं.’’

‘‘रस्ता कसा आहे तिकडे?’’ मी विचारलं.

‘‘काही ठिकाणी आहे.’’

‘‘मग मी नाही येत.’’

‘‘बरं. मी जाऊन येईन,’’ तो म्हणाला. रागाने नाही, आमटी वाढून घेताना बोलावं तसं. तीस वर्षं मी या माणसाबरोबर काढली आहेत. तो चिडून बोलला असता तर मी निश्चिंत झाले असते. इतक्या शांतपणे बोलला म्हणजे जाणार, हे मला पक्कं कळलं. त्याला ब्लडप्रेशरची गोळी रोज मी आठवण केल्याशिवाय घेता येत नाही. हा माणूस एकटा कड्याच्या काठावर. आता माझ्यापुढे दोन भीती होत्या, त्याच्याबरोबर जायची आणि त्याला एकटं सोडायची. त्यांतली कुठली मोठी ते मला ठरवता येईना. शेवटी ‘येते’ म्हणाले, आणि नात्यागोत्यात सगळ्यांना सांगत सुटले, की मला माझं काही नाही हो, मला त्यांची काळजी वाटते.

गाडी सेकंडहँड होती, चारही चाकांना जोर देणारी. तिचं काम अंधेरीच्या एमआयडीसीत एका गाळ्यात झालं. गाळा नवऱ्याच्या कारखान्यातल्या जुन्या मित्राचा. मालवणकडचा माणूस, आवाज असा की ग्राइंडर चालू असतानाही ऐकू यावा. सुट्टीच्या दिवशी दोघं सकाळीच तिथे जायचे आणि मी डबा घेऊन मागून मेट्रोने. डबा हे निमित्त. मला आपल्या डोळ्यांनी पाहायचं होतं, की हे दोघं मला कशात घालून नेणार आहेत.

आणि पाहून पाहून माझी झोप उडाली. कारण त्या गाडीला जी जी वस्तू लागत होती, ती म्हणजे एकेक संकटच होतं. पुढच्या बंपरवर लोखंडी दोराची एक चरखी बसली, तिला विंच म्हणतात. दोर झाडाला बांधायचा, बटण दाबायचं आणि चिखलात रुतलेली गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते.

‘‘म्हणजे आपण रुतणार?’’ मी विचारलं.

‘‘रुतलो तर, गं.’’

मग बॉनेटच्या बाजूने टपापर्यंत एक काळी नळी चढली. पाणी बॉनेटपर्यंत आलं तरी इंजिनाला वरून हवा मिळावी म्हणून.

‘‘इंजिन श्वास घेईल,’’ मी म्हटलं, ‘‘आणि माझं काय?’’

मित्र खो खो हसला. ‘‘वैनी, तुमी काय काळजी करू नकात. ह्या गाडयेक काय एक होवचा नाय.’’ हे बोलतानाच तो टायर फुटल्यावर गाडी उचलायचा माणसाएवढा उंच जॅक मागच्या दाराला आवळत होता.

मागच्या भागावर पत्र्याचं छप्पर आलं. आत प्लायवूडचे खण, अगदी किचन ट्रॉलीसारखे सरकणारे, त्यांच्यावर गादी. दुसरी बॅटरी, छोटा फ्रिज, टायरमध्ये हवा भरायचा पंप. खणांमागची नवऱ्याची अक्कल मात्र वाखाणण्यासारखी होती. ज्या माणसाचं बालपण दहा बाय बाराच्या खोलीत सात जणांत गेलं, त्याला जागा कशी वापरायची हे शिकवावं लागत नाही. मी एकच मागणी केली. जिथे जिथे हात पोचेल तिथे तिथे धरायला मूठ हवी. तीही त्याने लावून दिली, एकट्या माझ्या बाजूला तीन.

आणि मग टाकी आली.

पाण्याच्या बाबतीत आम्ही लोक थोडे वेडे आहोत, हे इथे सांगायला हवं. आमची सगळी पिढी पहाटे नळाला पाणी यायच्या आवाजाने उठली. तेवढ्या वेळात पिंप, कळशी, बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवायचा. आता सोसायटीला मोठी टाकी आहे, नळाला दिवसभर पाणी असतं, तरी आमच्या घरी सकाळी पिंप भरलं जातंच. रिकामं पिंप दिसलं की मी हातातलं काम टाकून नळ सोडते. त्या व्हिडिओतले लोक पाण्याचे एक-दोन कॅन घेऊन निघायचे. ते पाहून नवरा म्हणायचा, ‘‘एवढ्यात काय, पाय धुवायचे की चहा करायचा?’’

त्याने स्वतःच्या हाताने स्टीलची टाकी केली. दोनशे लिटरची, चपटी, गादीएवढी लांब-रुंद. सांधे असे जोडले, की बोट फिरवलं तरी कळू नये. आणि ती गाडीच्या छपरावर चढवली. वरच का? तर पाणी वर असलं की आपोआप खाली येतं, पंप बिघडायची भीती नाही. जन्मभर आम्ही टाक्या गच्चीवरच पाहिल्या. टाकी खाली असू शकते हे त्या दोघांच्या डोक्यात आलं नाही आणि माझ्याही नाही. टाकीच्या तळाच्या मध्यातून एक पाइप ड्रायव्हरच्या दाराच्या मागून खाली आणला, त्याला नळ, नळाला हातभर रबरी नळी. कोकणातला माणूस पाय धुतल्याशिवाय घरात शिरत नाही, मग ते घर चाकांवरचं का असेना. नळ ड्रायव्हरच्या बाजूला असण्याचं कारण एवढंच, की तो कुठे हवा हे ड्रायव्हरने ठरवलं.

खरं सांगते, त्या सगळ्या सामानात मला भीती न दाखवणारी ही एकच वस्तू होती. विंचकडे पाहून धडकी भरायची, जॅककडे पाहून भरायची. टाकीकडे पाहिलं की वाटायचं, काहीही झालं तरी पाणी आहे.

गाडीची पूजा सोसायटीच्या पार्किंगमध्ये झाली. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हळदकुंकू. नारळ हातात धरून मित्राने गाऱ्हाणं घातलं: ‘‘बा देवा म्हाराजा, ही तुजी लेकरां नवीन गाडी घेऊन डोंगरात जातत. वाटेत काय आडवां इला तर दूर कर, गेली तशी सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!’’ प्रत्येक वाक्याला आम्ही सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. शेजारणी हसल्या, हसू देत.

स्पितीच्या आधी एक चाचणी घ्यायची ठरली. शहापूरच्या पुढे, मुंबईला पाणी देणाऱ्या एका धरणाच्या मागच्या अंगाला, रानातून जाणारी बैलगाडीची वाट होती. पावसाळा संपून गवत पिवळं पडलं होतं. सकाळी सोसायटीच्या नळाला पाइप लावून नवऱ्याने टाकी चार बोटं जागा सोडून भरली.

हायवेलाच मला काहीतरी वेगळं जाणवलं. वळणावर गाडी कलायची आणि सरळ व्हायला जरा जास्तच वेळ घ्यायची. डोक्यावर पाणी डुचमळल्याचा आवाज यायचा.

‘‘अहो, ही अशी का चालतेय?’’

‘‘भरलेली गाडी अशीच चालते. तू बाहेर बघ, किती छान आहे.’’

बाहेर छानच होतं. मी मूठ धरून छान बघत होते.

डांबर संपलं, गाव संपलं, आणि ती वाट लागली. उजवीकडे टेकडी, डावीकडे उतार, खाली धरणाचं पाणी. वाट स्वतःच डावीकडे झुकलेली. म्हणजे माझ्या बाजूला. नवरा अगदी सावकाश चालवत होता, त्याची चूक काढता येणार नाही. पण एका ठिकाणी पावसाने डावीकडची कड खरवडून नेली होती. डावं चाक त्या खड्ड्यात उतरलं, त्याच वेळी उजवं चाक एका दगडावर चढलं, आणि वरचं सगळं पाणी माझ्या बाजूला धावून आलं.

मला वाटायचं, गाडी उलटते ती धाडकन. तसं झालं नाही. ती कलली, मग आणखी कलली, मग जणू विचार करत आणखी थोडी कलली. काहीतरी कडकडलं आणि ती थांबली. कडेला एक ऐनाचं झाड होतं, फार जाड नव्हतं, त्याच्यावर आमचं छप्पर टेकलं होतं. नवऱ्याच्या बाजूची दोन्ही चाकं जमीन सोडून वर आली होती. इंजिन बंद पडलं. माझ्या खिडकीत आता आभाळ नव्हतं. नुसता उतार होता, गवत होतं, आणि खूप खाली ते पाणी.

‘‘हलू नको,’’ नवरा म्हणाला. ‘‘श्वाससुद्धा हळू घे.’’

मी पट्ट्यात लटकले होते. दोन्ही हातांनी मुठी धरल्या होत्या. झाड कुरकुरत होतं. 

मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण तराजू कळतो. नवरा वरच्या बाजूला होता. त्याला दार उघडून उडी मारता आली असती, त्याच्या बाजूला जमीन हाताच्या अंतरावर होती. तो उतरला तर त्याचं वजन जाणार, आणि मग गाडीला माझ्या बाजूला जाण्यावाचून दुसरं काही उरणार नाही. अशा वेळी बायकोने म्हणायचं असतं, ‘तुम्ही उतरा, माझं काय व्हायचं ते होवो.’ मालिकांतल्या बायका म्हणतात. माझ्या तोंडून निघालं ते असं: ‘‘उतरू नका हां. अजिबात उतरू नका.’’

‘‘नाही उतरत गं,’’ तो म्हणाला.

मग मला एक खट् असा आवाज ऐकू आला. मान वळवायची हिंमत नव्हती, डोळे तेवढे वळवले. त्याने खिडकीची काच खाली घेतली आणि स्वतःला बाहेर ढकलायला लागला, आधी हात, मग डोकं, मग पोटापर्यंत सगळा. एक पाय स्टिअरिंगमध्ये अडकवलेला. मला त्याचा शर्ट वर गेलेला आणि कंबर दिसत होती, बाकी नवरा बाहेर. तो मागच्या नळापर्यंत हात पोचवत होता. नळ किर्र वाजला आणि पाणी पडायला लागलं.

‘‘टाकी रिकामी झाली की बसेल खाली,’’ त्याचा आवाज बाहेरून आला. ‘‘बोलू नको. मी असाच राहतो.’’

आता तुम्हाला खोटं वाटेल. मरण समोर दिसत होतं, आणि तरी ते पाणी दगडांवर पडताना ऐकून माझ्या मनात आलं, अरे, एवढं सगळं पाणी वाया चाललंय. लगेच स्वतःचाच संताप आला. मग पुन्हा भीती. नळाची धार पेनाएवढी. एवढी मोठी टाकी आणि एवढीशी धार. झाड कुरकुरत होतं, मी देवाला काय काय कबूल करत होते ते इथे लिहीत नाही. अजून सगळं फेडायचं आहे.

तेवढ्यात वाटेने कोणीतरी आलं. मला दिसलं नाही, पण बांगड्या वाजल्या.

‘‘येवढं पानी भुईवर कशाला सांडता वो?’’ बाईचा आवाज.

‘‘बाई, लांब राहा!’’ नवरा ओरडला. ‘‘गाडी पडेल!’’

‘‘ती तिकडं पडंल. मी हिकडं हाय,’’ ती म्हणाली. मग हंडा दगडावर ठेवल्याचा आवाज आला आणि धारेचा सूर बदलला. भांडं भरतानाचा तो आवाज मला झोपेतही ओळखू येतो. ‘‘कुठलं पानी हाय?’’

‘‘मुंबईचं,’’ नवरा तशा अवस्थेत म्हणाला. ‘‘विक्रोळीचं.’’

 बाईच्या दारातल्या धरणाचं पाणी पाइपातून आमच्या नळाला येतं, आणि तेच पाणी आम्ही गाडीच्या डोक्यावर घालून तिच्या दारात परत आणलं होतं. तिने एक हंडा भरला, दुसरा लावला. तिलाही घाई होती, मलाही होती, आणि तिचा हंडा कुठवर भरला ते ऐकून मी टाकी किती उरली याचा अंदाज करत होते.

दुसरा हंडा भरत आला असताना झाडाचं कुरकुरणं थांबलं. ‘‘बाई, सरका!’’ नवरा ओरडला, आणि गाडी वरच्या बाजूने खाली आली. दण्ण करून चाकं जमिनीला लागली. माझे दात एकमेकांवर आपटले. नवऱ्याची बरगडी दारावर अशी आदळली, की तो कण्हत कण्हतच दार उघडून खाली उतरला.

त्याच्या सीटवरून सरपटत मी पिशवीसकट बाहेर आले आणि गवतात बसले.  बाईने आमच्याकडे एकदा नीट पाहिलं, एकावर एक हंडे डोक्यावर घेतले आणि निघून गेली.

नवरा बरगडी धरून गाडीभोवती फिरला. मग काडी घेऊन माझ्यासमोर मातीत चित्र काढायला लागला. ‘‘बघ, वजन इथे वर होतं. मी आयुष्यभर लोखंड उचललं, आणि वजन वर ठेवलं! गच्चीवरची टाकी इमारतीला चालते, इमारत कुठे खड्ड्यात उतरते?’’ स्वतःवर भडकून तो बोलत होता. माझं चित्राकडे लक्ष नव्हतं. उघड्या दारातून मला ड्रायव्हरची सीट दिसत होती, आणि तिच्या कडेला त्याचा सीटबेल्ट सरळ लोंबत होता.

तो खट् आवाज कशाचा होता ते मला तेव्हा कळलं.

‘‘तुम्ही पट्टा काढला होतात?’’

‘‘काढल्याशिवाय बाहेर वाकता येत नव्हतं.’’

‘‘आणि गाडी गेली असती तर?’’

त्याने काडी टाकून दिली आणि हात पँटला पुसले. मी त्या उताराकडे पाहिलं. मी पट्ट्यात होते, मुठी धरून, चारी बाजूंनी पत्रा होता. हातपाय मोडले असते, पण कदाचित वाचले असते. तो पोटापर्यंत खिडकीबाहेर. पहिल्याच कोलांटीला गाडी त्याच्या अंगावरून गेली असती. जन्मभर जड वस्तूंमध्ये काम केलेला माणूस. खट् करण्याआधी त्याने हे सगळं पाहिलेलं असणार. ‘नाही उतरत गं’ म्हणाला तेव्हाही पाहिलेलं असणार.

मी रडले. हातातली पिशवी त्याच्या पाठीत घातली, आणखी एकदा घातली. तो म्हणाला, ‘‘अगं, बरगडी.’’ तेव्हा थांबले.

टाकी आता छपरावर नाही. मित्राने शिव्या देत देत, निम्म्या त्या स्वतःलाच, ती कापून लहान केली आणि खाली, मागच्या दोन्ही चाकांच्या मध्ये बसवली. उन्हाळ्यात स्पितीला जायचं आहे आणि मी जाणार आहे. माझी भीती गेली का, असं शेजारणी विचारतात. कुठली जाते. पण ती बदलली. इतके दिवस मी सगळ्यांना सांगत होते की मला नवऱ्याची काळजी वाटते. ते बोलायला बरं दिसतं म्हणून. खरी भीती माझ्या स्वतःच्या जिवाची होती. आता त्याच्या जिवाची वाटते, आणि ही भीती त्या आधीच्या भीतीपेक्षा फार वाईट आहे. रानात नाही, कड्यावर नाही, घरात भाजी चिरताना येते.

परवा घाटकोपरला निघालो होतो, साध्या डांबरी रस्त्याने, भरदिवसा. त्याने चावी फिरवायच्या आधी मी हात आडवा करून त्याचा पट्टा ओढून पाहिला.

‘‘अगं, लावलाय,’’ तो म्हणाला.

‘‘माहीत आहे,’’ मी म्हटलं, आणि पुन्हा ओढून पाहिला.